अंशतः बंद

सुचित्रा तेंडोलकर हिने अमेरिका पाहिलेली नाही. तिचा पासपोर्ट झिजला तो मुंबई-दुबई करण्यातच. पण ओहायो राज्यातल्या कुठल्या गावात, कुठल्या सलूनमध्ये, दोन हजार वीसच्या एप्रिलात किती खुर्च्या रिकाम्या होत्या हे तिला विचारा. हातातला चहाचा कप खाली न ठेवता ती सांगेल. याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. सुचित्रा राहते तिथे उंटांची काही वानवा नाही, तेव्हा ही म्हण तिला लावायला हरकत नसावी.

झालं होतं असं, की महामारीच्या काळात अमेरिकन सरकारने मालकलोकांसाठी एक सवलत काढली. धंदा मंदावला तरी माणसं काढू नका, पगार देत राहा, त्या पगारावर जो कर तुम्ही भरता त्यात आम्ही सूट देऊ, असा तो मामला. आता सूट कोणाला? ज्याची विक्री ठरावीक मापाच्या खाली घसरली त्याला, किंवा ज्याचा धंदा सरकारी आदेशामुळे पूर्ण किंवा अंशतः बंद पडला त्याला. विक्री म्हणजे आकडे, तिथे कोणाच्या लेखणीला वाव नाही. पण ‘अंशतः बंद’ हे प्रकरण भलतंच लवचीक निघालं. किती बंद म्हणजे अंशतः? दुकान उघडं पण बाकडी उलटी, हे बंद का? दवाखाना चालू पण दात साफ करणं थांबलं, हे बंद का? असे प्रश्न पडले की त्यांची उत्तरं विकणारी माणसंही उगवतात. अमेरिकेत अशा सल्लागार कंपन्यांचं पीक आलं. मालकाला सवलत मिळवून द्यायची आणि तिच्यातला घसघशीत तुकडा आपण कापून घ्यायचा. त्यातल्याच एका कंपनीने लिहिण्याचं काम स्वस्तात व्हावं म्हणून दुबईत ऑफिस थाटलं, आणि दोन हजार एकवीसमध्ये सुचित्रा तिथे चिकटली.

तिचं काम होतं नॅरेटिव्ह लिहिण्याचं. म्हणजे मालकाची करुण कहाणी. कुठला आदेश आला, त्याने धंद्याचा कुठला भाग थांबला, आणि तो भाग किती मोलाचा होता, एवढं तीन-चार पानांत उतरवायचं. बोरिवलीच्या शाळेत सुचित्राला निबंधाला पहिलं बक्षीस मिळायचं. ‘मी फुलपाखरू झाले तर’ लिहिणाऱ्या मुलीला ‘मी टेक्सासमधलं गाडी धुण्याचं दुकान झाले तर’ लिहायला कितीसा वेळ लागणार?

तिचा मॅनेजर नीरव, शारजात वाढलेला, अंगाने काटकुळा आणि उत्साहाने दांडगा. सुचित्राचा मजकूर वाचून तो खूश व्हायचा आणि परत पाठवायचा. "सुचित्राजी, मस्त है. बस, थोडा और दर्द डालो." मग सुचित्रा दर्द घालायची. गाडी धुण्याच्या त्या दुकानात गिऱ्हाइकांना बसायची एक खोली होती, दोन खुर्च्या आणि कॉफीचं यंत्र. आदेशाने ती खोली बंद झाली. बाहेर गाड्या पूर्वीसारख्याच धुतल्या जात होत्या. पण सुचित्राच्या कहाणीत ती खोली म्हणजे धंद्याचा आत्मा ठरली. गिऱ्हाईक तिथे बसतं, तिथेच त्याला महागातलं पॉलिश विकलं जातं, खोली गेली की पॉलिश गेलं, पॉलिश गेलं की धंदा गेला. सवलत मंजूर झाली. नीरवने केक मागवला, आणि त्या दुकानदाराने सुचित्राला ईमेल केला, की आपण एवढे हालअपेष्टांत होतो हे आपल्याला तुमचा मजकूर वाचूनच समजलं.

मग वारं फिरलं. अमेरिकेच्या करखात्याला आलेल्या अर्जांचा ढीग पाहून घाम फुटला. दोन हजार तेवीसमध्ये त्यांनी नवे अर्ज तपासणं काही काळ थांबवलं, लोकांना सावध केलं, आणि ज्यांनी उगाच अर्ज केला असेल त्यांना तो मागे घ्यायची वाटही ठेवली. सुचित्राची कंपनी घाबरली. तिला अचानक सचोटीचा झटका आला. नीरवने सगळ्यांना मीटिंगला बोलावलं आणि चेहरा गंभीर करून सांगितलं, की आता जुने अर्ज पुन्हा तपासायचे, कच्चे असतील ते शोधायचे. कच्चे कुठले हे लिहिणाऱ्यांपेक्षा कोणाला जास्त ठाऊक असणार? तेव्हा हे काम सुचित्राकडेच आलं. कुंभाराने आपलीच मडकी टिचक्या मारून फोडत बसावं, तशी ती दिवसभर बसू लागली. पगार मात्र वाढला. रडवण्यापेक्षा रडणं खोटं ठरवण्याला भाव जास्त असतो, हे तिला या नोकरीतच समजलं.

त्यात ती वाकबगार झाली. तिचे प्रश्न ठरलेले. आदेश कोणाचा? तारीख काय? तो आदेश होता की नुसता सल्ला? सल्ल्याला इथे किंमत नाही. लोक भीतीने आले नाहीत? त्याला आदेश म्हणत नाहीत. तुमच्याकडून माल घेणारं गिऱ्हाईक बंद पडलं? मग गिऱ्हाईक बंद पडलं, तुम्ही नाही. बंद झालेला भाग सगळ्या धंद्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा तरी होता का? फोनवर मालक चाचरायला लागला, "अराउंड दॅट टाइम" म्हणाला, की सुचित्रा ओळखायची: याच्याकडे आदेश नाही. ज्याच्याकडे असतो तो तारीख सांगतो.

आता तिच्या घराकडे वळू. ते दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. घरात नवरा प्रकाश आणि मुलगी अवनी, बारावीतली. तेंडोलकर कुटुंबाच्या इतिहासात एक मोठी घटना होती, ती म्हणजे प्रकाशची नोकरी जाणं. प्रकाश दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका फॅक्टरीत अकाउंटंट होता. फॅक्टरी खाण्याचे डबे आणि ट्रे बनवायची. दोन हजार वीसच्या एप्रिलात त्याची नोकरी गेली, आणि पुढचे सात-आठ महिने त्या घराने काय काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. दोन बेडरूमचं घर सोडून एका बेडरूमच्या घरात आले. सुचित्राच्या पाटल्या गेल्या. अवनीची शाळा बदलली, आणि तिने आठवडाभर कोणाशी बोलणं टाकलं. शेवटी प्रकाशला शाळेच्या बसगाड्या चालवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे काम मिळालं, साडेतीन हजार दिरहमवर. "म्हणजे सत्तर हजार रुपये," असं तो तेव्हा मोठ्याने म्हणायचा, कारण रुपयांत ते बरं वाटायचं.

पण प्रकाश खचला नाही, आणि त्याचं सगळं श्रेय एका वाक्याला होतं. "सरकारी आदेश होता, फॅक्टरीच बंद केली, माझं काय चालणार?" हे वाक्य त्याने बोरिवलीला आईला फोनवर ऐकवलं, मित्रांना ऐकवलं, नव्या नोकरीच्या मुलाखतीत ऐकवलं. वाक्य इतकं भक्कम होतं, की त्याला टेकून एक अख्खा माणूस पाच वर्षं ताठ उभा राहिला. सुचित्रालाही त्याचा आधार होता. आपला नवरा आळशी नाही, भांडखोर नाही, नालायक नाही; सरकारपुढे कोणाचं काय चालतं?

या वाक्याला धक्का लागला तो अवनीमुळे. परदेशातल्या एका युनिव्हर्सिटीच्या स्कॉलरशिपसाठी तिला निबंध लिहायचा होता: तुमच्या कुटुंबावर आलेलं संकट आणि तुम्ही त्यातून काय शिकलात. अवनीने बाबांची नोकरी घेतली. सरकारने फॅक्टरी बंद केली, कोणाचाही दोष नसताना माझ्या वडिलांची नोकरी गेली, असं इंग्रजीत झकास लिहून तिने लॅपटॉप आईपुढे ठेवला.

सुचित्राने वाचलं. आई म्हणून तिचे डोळे भरून यायला हवे होते. पण दिवसभर टिचक्या मारायची सवय लागलेली बोटं, ती काय घरी आल्यावर गप्प बसतात?

"कुठला आदेश, ते लिहिलं नाहीस," ती म्हणाली.

"मॉम, इट्स जस्ट अन एसे!"

"असू दे. तारीख घाल. वजन येतं." आणि तिने स्वयंपाकघरात कांदा चिरणाऱ्या नवऱ्याला हाक मारली. "प्रकाश, तुमची फॅक्टरी बंद करायची ऑर्डर कधीची रे?"

सुरी थांबली. "मार्च... एप्रिल असेल. त्याच सुमारास कधीतरी."

"पूर्ण बंद केली की काही भाग?"

"आता ते काय आठवतंय? कांदा किती घालू?"

त्याच सुमारास कधीतरी. सुचित्राला जे कळायचं ते कळलं. ज्याच्याकडे आदेश असतो तो तारीख सांगतो. तिने फोनवर त्या दिवसांच्या जुन्या बातम्या उघडल्या. शहर घरात कोंडलेलं होतं खरं, बाहेर पडायला परवाना लागायचा, हॉटेलं बंद होती; पण खाण्यापिण्याशी संबंधित कारखाने चालूच होते. माणसं घरात बसून जेवण मागवत होती. ते जेवण कशातून येत होतं? डब्यांतून. डबे कोण बनवत होतं?

तिने फोन उपडा ठेवला. तिला भीती वाटली, आणि ती नवऱ्याच्या खोटेपणाची नव्हती. एवढ्या वर्षांनी हे वाक्य काढून घेतलं तर हा माणूस कशाला टेकून उभा राहील, याची होती. कोणी काही नीट बोलत नाही म्हणून ती त्या ओहायोवाल्यांवर गुरगुरायची. आपल्या घरात मात्र तिने मूग गिळले. झाकली मूठ सव्वा लाखाची. "ते वाक्य जरा गोल कर," एवढंच तिने अवनीला सांगितलं.

"यू जस्ट सेड डेट घाल!"

"आता म्हणते गोल कर."

पण मूठ झाकणारा एक असला तर उघडणारे चार असतात. पुढच्या रविवारी रफिककडे जेवायला जायचं ठरलेलं होतं. रफिक पावसकर मूळचा राजापूरचा, प्रकाशच्या त्याच फॅक्टरीत स्टोअर सांभाळायचा. कंपनीने शारजाच्या पलीकडे उम्म अल कुवैनला दुसरी शाखा काढली तशी त्याची बदली तिकडे झाली आणि तो बायको सायराला घेऊन तिथेच राहू लागला. वर्षातून एकदा तेंडोलकरांना बोलावून मासे खाऊ घालणं हा त्याचा शिरस्ता. सुचित्राने न जाण्यासाठी डोकेदुखीपासून सगळं करून पाहिलं. प्रकाश म्हणाला, "रफिकभाईला वाईट वाटेल." गेले.

सायराने सुरमई तळली होती, तिरफळं घालून बांगड्याची आमटी केली होती. "सुरमई साठ दिरहम किलो झाली, ताई. म्हणजे चौदाशे रुपये! राजापुरात एवढ्यात माझा भाऊ होडी भाड्याने देईल," असं म्हणत तिने सगळ्यांच्या ताटात दोन-दोन तुकडे वाढले. बोलणं मुलांवर आलं, मुलांवरून शिक्षणावर, आणि रफिकने अवनीला विचारलं, "काय बेटा, कॉलेजचं कुठपर्यंत आलं?"

अवनी उत्साहाने म्हणाली, "अंकल, आय रोट माय एसे ऑन डॅड! हाऊ द गव्हर्नमेंट शट यॉर फॅक्टरी."

रफिकचा घास हातात राहिला. त्याने काही बोलायच्या आत सायरा आमटीचं भांडं घेऊन आली. "शट? बंद?" ती म्हणाली. "या अल्ला, कसली बंद! आमचे हे दीड महिना घरी आले नाहीत. फॅक्टरीच्या कॅम्पमध्येच, कामगारांच्या खोल्यांत झोपायचे, ऑर्डरच एवढी होती. मी फ्लॅटमध्ये एकटी, भिंतींशी बोलायची. बंद असती तर घरी नसते आले? विचार ना यांना!"

सायराची ती जुनी तक्रार होती, ती कोणावर नेम धरून बोलली नव्हती. पण अवनीने बापाकडे पाहिलं. प्रकाश ताटातला काटा बाजूला काढत होता, आणि तो काटा काही केल्या संपत नव्हता. त्याचे कान लाल झालेले सुचित्राला दिसले. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याला असा कधी पाहिला नव्हता, नोकरी गेली त्या दिवशीसुद्धा.

आणि मग सुचित्राने तोंड उघडलं.

"अगं सायरा, फॅक्टरी चालू होती, पण सगळी नाही ना," ती इतक्या सहज म्हणाली, की जणू गेली पाच वर्षं ती तिथेच कामाला होती. "हॉटेलं बंद, लग्नाचे हॉल बंद, सगळे सरकारी आदेशाने. त्यांना जाणारे मोठे ट्रे, ती सगळी बाजू थांबली. पार्सलचे डबे चालू, हॉटेलची बाजू बंद. प्रकाशकडे हॉटेलचेच हिशोब होते. ती बाजू म्हणजे धंद्याचा केवढा तरी हिस्सा. याला अंशतः बंद म्हणतात. आमच्याकडे अमेरिकेच्या शेकडो केसेस आहेत अशा."

बोलताना तिला स्वतःलाच कळत होतं, की ऑफिसात हा दावा आला असता तर तिने चहा गार व्हायच्या आत परत पाठवला असता. गिऱ्हाईक बंद पडलं म्हणजे तुम्ही बंद पडलात असं होत नाही. पण दर्द उत्तम उतरला होता. नीरवनेही आणखी मागितला नसता.

"हां हां," रफिक आपल्या ताटाकडे बघत म्हणाला, "हॉटेलवाला सेक्शन. तो बंद होता. बरोबर आहे वहिनींचं." भला माणूस. सायरा म्हणाली, "असं होय? मला कोण सांगतंय?" आणि तिने प्रकाशच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. अवनी पुन्हा जेवायला लागली. प्रकाशने वर पाहिलं नाही.

परत येताना गाडी प्रकाश चालवत होता. अवनी मागे कानांत इयरफोन घालून बसली होती. शारजा मागे पडलं. सुचित्राला वाटलं, आता हा आभार मानेल, निदान हात तरी धरेल.

"हॉटेलचे हिशोब अनुपमा बघायची," प्रकाश म्हणाला. "ती अजून तिथेच आहे."

सुचित्राने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मी डबे बघायचो. जे दुप्पट जात होते ते." त्याने आरशात मागे एकदा पाहिलं. "त्या महिन्यात सगळ्यांना बोलावून कागद दिला. परस्पर संमतीने पगार निम्मा. रफिकभाईने केली सही, अनुपमाने केली, सगळ्यांनी केली. मी विचारलं, संमती म्हणजे नाही म्हणता येतं ना? मॅनेजर हसला. म्हणाला, हबीबी, फॉर्मॅलिटी आहे. मी म्हटलं, ऑर्डरी दुप्पट आहेत, हे मीच रोज लिहितोय. मग कुठल्या आदेशाने पगार कापताय? तो आदेश दाखवा, लगेच सही करतो."

"मग?"

"मग काय. दोन दिवसांनी म्हणाला, खलास, प्रकाश. यू आर नॉट अ टीम प्लेयर."

सुचित्राला आधी राग आला, आणि तो चांगला सणसणीत आला. निम्मा पगार! निम्म्या पगारात घर राहिलं असतं. पाटल्या राहिल्या असत्या. अवनीची शाळा राहिली असती. पाच-सहा महिन्यांनी त्या सगळ्यांचे पगार पूर्ववत झाले असणार, रफिककडे नवी गाडी उभी होती ती काय आभाळातून पडली? एक सही, आणि ह्याने मॅनेजरपुढे उभं राहून आदेश मागितला!

"आणि मला येऊन सांगितलंस की फॅक्टरी बंद झाली," ती म्हणाली.

"मी नाही सांगितलं. मी दारात उभा होतो, चपला काढायचं सुचत नव्हतं. नोकरी गेली म्हटलं, तर तूच म्हणालीस, फॅक्टरी बंद करायचा आदेश आला असेल ना? मी हो म्हटलं."

तिला ते आठवलं. खरंच तीच म्हणाली होती. तिची सगळ्यात पहिली कहाणी तिने ही नोकरी लागायच्या वर्षभर आधी, दारात उभी राहून, फुकटात रचली होती. आणि राग उतरून तिथे दुसरंच काहीतरी आलं, ते तिला सोसेना. आदेश कोणाचा, तारीख काय, दाखवा. गेली दोन वर्षं ती रोज हेच तर विचारत होती. ती विचारते म्हणून तिचा पगार वाढला, ह्याने विचारलं म्हणून ह्याची नोकरी गेली. आणि एवढी वर्षं तो बसगाड्यांच्या डिझेलचे हिशोब लिहीत, लोकांना सांगत राहिला, की माझं काय चालणार.

मागच्या सीटवरून अवनी पुढे वाकली. तिच्या कानांत इयरफोन होते, पण वाजत काही नसावं. "डॅड, धिस इज सो मच बेटर. कॅन आय राइट धिस?"

"आईला विचार," प्रकाश म्हणाला. "त्यातली एक्स्पर्ट ती."

सुचित्राने तोंड उघडलं. तिला छान दोन वाक्यं सुचलीही होती, नवऱ्याचा अभिमान वाटतो अशा अर्थाची, मुलीला निबंधात घालता येतील अशी. ती तिने गिळली.

"तू तेव्हा मला खरं सांगितलं असतंस ना," ती प्रकाशला म्हणाली, "तर मी तुला रात्रीत परत पाठवून सही करायला लावली असती."

"माहीत होतं," प्रकाश म्हणाला, आणि त्याने इंडिकेटर देऊन गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली. "म्हणून तर सांगितलं नाही."